पाटी आमची, रस्ता सगळ्यांचा

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली एक सूचनाफलक आहे. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, ही सोलापुरातली सर्वांत महत्त्वाची बातमी त्याच्यावर लागते, म्हणून येता-जाता आमची नजर तिकडे जातेच. २०२५ च्या एप्रिल महिन्यात, रमजान ईद होऊन आठवडा उलटला होता, तेव्हा तिथे एक टाइप केलेली नोटीस लागली. इमारतीच्या दारांवर, भिंतींवर, फाटकावर आणि समोरच्या कोपऱ्यावर लावलेल्या पाट्या व बॅनर आठ दिवसांत काढावेत, पुढचे नियम विशेष सभेत ठरतील, असा मजकूर होता. खाली सात पाट्यांची यादी होती. सातपैकी तीन आमच्या!

हा लेख आम्ही दोघे नवरा-बायको मिळून लिहीत आहोत, कारण त्या तीन पाट्यांमध्ये दोघांचाही वाटा होता. पहिली आमच्या दारावरची नावाची पाटी. दुसरी फाटकाच्या भिंतीवरची, आमच्यापैकी एकीच्या शिवणक्लासची. आणि तिसरी म्हणजे कोपऱ्यावरचा ईदच्या शुभेच्छांचा फ्लेक्स, ज्यात मोहल्ल्यातल्या चौदा मुलांचे फोटो होते आणि दुसऱ्या ओळीत डोळ्यांवर गॉगल चढवलेला आमचा मुलगा होता.

नोटीस वाचून आमचे डोके तापले. यादीतल्या बाकीच्या चार पाट्या कोणाच्या, हे आम्ही धड वाचलेसुद्धा नाही. आमचीच नावे का, एवढाच प्रश्न मनात घोळत राहिला.

या रागाला मागचा इतिहास होता. दारावरची पाटी ही अब्बांची खूण. अब्बा उर्दू शाळेत शिक्षक होते. त्यांचे अक्षर असे की लग्नपत्रिका लिहून घ्यायला लोक घरी येत. बेगम पेठेतल्या जुन्या घरासाठी त्यांनी सागवानी फळी करून घेतली, वर मराठीत नाव रंगवून घेतले आणि खालची उर्दू ओळ स्वतःच्या हाताने लिहिली. जुने घर सुटले, अब्बाही अल्लाहला प्यारे झाले. ती फळी मात्र आम्ही जुन्या साडीत गुंडाळून इथे आणली.

दुसरी गोष्ट घर शोधण्याची. हा फ्लॅट घेण्यापूर्वी दीड वर्ष आम्ही भाड्याचे घर शोधत होतो. ‘घर भाड्याने देणे आहे’ अशी पाटी दिसली की फोन लावायचा. भाडे, डिपॉझिट, पाण्याची सोय, सगळे बोलणे व्हायचे. शेवटी ते नाव विचारायचे. नाव सांगितले की घर नेमके कालच कोणाला तरी देऊन झालेले असायचे. पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्याने जावे तर पाटी तिथेच! तेव्हापासून पाट्यांच्या बाबतीत आमचे मन हळवे झाले आहे. म्हणून नोटीस पाहताच आम्ही ठरवून टाकले, की दारावरच्या उर्दूचाच हा राग आहे. रात्री जेवताना आम्ही दोघेही तावातावाने बोलत होतो. सभेत काय सुनवायचे, याची तयारी चालली होती.

अम्मी शांतपणे जेवत होत्या. हात धुऊन झाल्यावर म्हणाल्या, “दो के वास्ते लडो, तिसरी के वास्ते माफी मांगो.”

आम्ही गप्प झालो. मुलगा तर ताटावरून उठलाच. कारण तिसऱ्या पाटीने काय केले होते, ते घरात सगळ्यांना ठाऊक होते; फक्त बोलत कोणी नव्हते.

त्या वर्षी गुढीपाडवा रविवारी, ३० मार्चला आला आणि ईद लगेच दुसऱ्या दिवशी, सोमवारी. आमची गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, त्या कोपऱ्यावर पाडव्याचा फ्लेक्स आधीच लागला होता. आमच्या मुलांनी ईदचा फ्लेक्स छापला तो त्याच्यापेक्षा दोन हात रुंद. आपला लहान दिसायला नको ना! एक बाजू विजेच्या खांबाला, दुसरी कडुनिंबाला बांधली. दोन फ्लेक्स मिळून माणसाच्या डोक्यापासून गुडघ्यापर्यंत भिंतच उभी राहिली. या कामासाठी पाचशे रुपये आम्हीच दिले होते. मुलाचा फोटो आला म्हणून फ्लेक्सचा फोटो काढून पुण्यापासून दुबईपर्यंतच्या नातेवाइकांना आम्हीच पाठवला होता. ‘माशाल्लाह’ची उत्तरे मोजत बसलो होतो.

तळमजल्यावर एक आजी राहतात. पद्मशाली कुटुंब, घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी मराठी. उगादीला त्या कडुनिंबाचा फुलोरा, गूळ, चिंच घालून पच्चडी करतात. त्या दिवशी आमचा शेवटचा रोजा होता. त्यांनी वाटी झाकून वर पाठवली आणि निरोप दिला, की आत्ता नको, रोजा सोडल्यावर खा. दुसऱ्या दिवशी आमचा शीरखुर्मा खाली गेला. शनिवारी, ५ एप्रिलला संध्याकाळी याच आजी दुधाची पिशवी आणायला निघाल्या. फ्लेक्सच्या आडून त्यांनी रस्त्यावर पाऊल टाकले आणि मोटारसायकलची धडक बसली. गाडी चालवणारा मुलगा वेगात नव्हता. तो रडवेला होऊन एकच म्हणत राहिला, “दिसल्याच नाहीत हो!” आजींच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. सोसायटीची नोटीस लागली ती या अपघातानंतर दोन दिवसांनी.

अम्मींच्या बोलण्यानंतर दुसऱ्या दिवशी आम्ही मुलाला घेऊन दवाखान्यात गेलो. माफी कशी मागायची, याची वाक्ये जुळवून नेली होती. ती तिथे आठवेनात. मुलगाच पुढे झाला आणि म्हणाला, “आजी, तो फ्लेक्स आम्ही लावला होता.” आजींनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, “माहीत आहे की. तुझा फोटो छान आला होता रे. मी रोज बघायची. पलीकडचं तेवढं काही दिसत नव्हतं.”

त्यांनी टोमणा मारला नव्हता, जे होते ते सांगितले होते. म्हणूनच ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. त्याच रात्री मुलाने शिडी नेली. पाडव्याचा फ्लेक्स लावणारी मुलेही आली. दोन्ही फ्लेक्स दोन्हीकडच्या मुलांनी मिळून उतरवले.

त्यानंतर आम्ही जरा चौकशी केली, तेव्हा कळले की रस्त्यावर, खांबावर, झाडावर असे काही लावायला महानगरपालिकेची परवानगी लागते. महाराष्ट्रात मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखण्यासाठी १९९५ पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यात तुरुंगवास आणि दंड या दोन्हींची तरतूद आहे. बेकायदा फलकांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर आदेश दिलेले आहेत. एवढे सगळे असून आम्हांला, शिकल्यासवरलेल्या माणसांना, आपण काही चुकीचे करत आहोत असे वाटले सुद्धा नव्हते. सणाच्या शुभेच्छांना परवानगी कसली, असाच आमचा समज होता.

फलकांनी जीव घेतल्याची उदाहरणे तर आम्ही पेपरात वाचलेली होती. १३ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर प्रचंड होर्डिंग कोसळले आणि १७ माणसे गेली. ते सुमारे १२० फूट लांब आणि तेवढेच उंच होते. पालिकेची मर्यादा ४० फुटांची. सप्टेंबर २०१९ मध्ये चेन्नईत एका लग्नाचा बेकायदा फलक स्कूटरवरून चाललेल्या तरुणीच्या अंगावर पडला, ती खाली कोसळली आणि मागून आलेल्या टँकरखाली सापडली. वाचताना आम्ही हळहळलो होतो. पण ती मोठी होर्डिंगे, ते मोठे लोक; आपल्या दहा फुटांच्या फ्लेक्सचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटत होते. लोखंडी सांगाड्याची गरज नसते. कापडाच्या आडोशानेही माणूस दिसेनासा होतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण लहानपणापासून आम्ही ऐकत आलो. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हे पुण्यकर्म आहे. ईमानच्या अनेक शाखांपैकी ती एक शाखा आहे. मदरशात हे शिकवताना उस्ताद काटा, दगड, केळीची साल अशी उदाहरणे देत. काटा दिसला तर आम्ही आजही बाजूला करू. पण जी वस्तू आम्हीच वाटेत टांगली, जिच्यावर चंद्रकोर आहे आणि ‘ईद मुबारक’ लिहिले आहे, तीही ‘त्रासदायक वस्तू’ असू शकते, हे कधी डोक्यात आले नाही. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्यांनी रस्त्याचा हक्क द्यावा, नजर खाली ठेवावी, कोणाला त्रास देऊ नये, सलामाला उत्तर द्यावे, अशीही हदीस आहे. नुसते बसणाऱ्यावर जर रस्त्याचा हक्क लागू होतो, तर रस्त्यात दहा फुटी कापड बांधणाऱ्यावर किती लागू होईल?

आता राहिल्या दोन पाट्या. त्यांच्यासाठी अम्मींनी लढायची परवानगी दिली होती.

शिवणक्लासच्या पाटीवर आक्षेप दोन होते. सोसायटीला न विचारता फाटकाच्या भिंतीला भोके पाडली आणि ‘अनोळखी बायका येतात-जातात’. पहिला आक्षेप खरा होता. दुसऱ्याबद्दल आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. काका निवृत्त मराठी शिक्षक, सोसायटीचे सेक्रेटरी, नोटीस त्यांनीच टाइप केलेली. त्यांना सांगितले, की क्लासला आठ मुली येतात. त्यांतल्या दोघी नवऱ्याने टाकलेल्या आहेत. पाटी गेली तर त्यांच्यासारखी तिसरी आमच्यापर्यंत पोहोचणार कशी? काकांनी ऐकून घेतले. मग यादी पुढे केली. म्हणाले, “तुम्ही पूर्ण वाचली का?”

वाचली नव्हती. यादीत पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांची पाटी होती. पिग्मी एजंटची होती. पाडव्याचा फ्लेक्स होता. दुसऱ्या मजल्यावरच्या तेलुगू घराची दारावरची चौकटही होती. “आणि तुमची नावाची पाटी,” काका म्हणाले, “उर्दू आहे म्हणून नाही लिहिली. तिची चौकट जिन्यात अर्धा फूट पुढे येते. आजींना स्ट्रेचरवरून नेताना तिथेच अडकलं होतं स्ट्रेचर. आठवत नाही?”

आम्हांला आठवले. त्या गडबडीत चौकट आमच्यापैकीच एकाने हाताने दाबून धरली होती. ज्या गोष्टीला आम्ही द्वेष समजलो, ती अर्ध्या फुटाची अडचण होती. याचा अर्थ द्वेष कुठे नसतोच, असे नाही. भाड्याच्या घराच्या पाट्यांनी आम्हांला तो दाखवला आहे. पण प्रत्येक पाटीमागे तोच शोधत बसलो, तर समोरचा माणूस काय म्हणतो ते ऐकूच येत नाही.

विशेष सभा रविवारी, २० एप्रिलला होती. त्याआधीच्या मंगळवारी, १५ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला आणि तो नेमका पाटीचाच होता. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीच्या बरोबर उर्दूतही नाव लिहिलेले आहे. तिथे १९५६ पासून उर्दूचा वापर चालत आला आहे. एका माजी नगरसेविकेने त्याला हरकत घेतली होती. प्रकरण जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय असे फिरत दिल्लीपर्यंत गेले. न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने सांगितले, की २०२२ चा स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा कायदा मराठी आवश्यक करतो, पण सोबत उर्दू लिहायला मनाई करत नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे. ती प्रदेशाची आणि तिथल्या माणसांची असते, अशीही भूमिका न्यायालयाने मांडली. आम्ही कात्रण काढून खिशात ठेवले.

सभेत एका सभासदांनी मांडलेच, की सगळ्या पाट्या फक्त मराठीत असाव्यात. कात्रण काढायला हात खिशात गेला, तोच दुसऱ्या मजल्यावरच्या तेलुगू घरातल्या वहिनी उठल्या. “माझ्या सासूला फक्त तेलुगू वाचता येतं,” त्या म्हणाल्या, “तिनं स्वतःचं घर कसं ओळखायचं?” सोलापूर हे असे गाव आहे. इथे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच नळावर पाणी भरत आल्या आहेत. काकांनी मग दुकानांचा नियम सांगितला. राज्यात दुकानांच्या पाट्यांवर देवनागरी मराठी हवीच, दुसरी लिपी चालते, पण तिची अक्षरे मराठीपेक्षा मोठी नसावीत. तोच न्याय आपल्या दारांना लावू. त्यावर कोणाला हरकत राहिली नाही. आम्हांलाही नव्हती. अब्बांनी त्या काळी कोणी न सांगता मराठी वर आणि उर्दू खाली लिहिलीच होती. कात्रण खिशातच राहिले.

डॉक्टरांच्या पाटीवर थोडी वादावादी झाली, पण ती त्यांनीच मिटवली. म्हणाले, “आमच्या व्यवसायाची आचारसंहिता २००२ पासून लेखी आहे. पाटी अवास्तव मोठी नको आणि तिच्यावर नाव, पदवी, विशेष विषय, नोंदणी क्रमांक एवढंच. माझी मोठी झाली आहे, कमी करतो.” वकिलांनाही बार कौन्सिलचा असाच नियम आहे, हे तेव्हा समजले. चांगल्या धंद्याला लहान पाटी पुरते, एवढे आम्ही त्यातून घेतले.

शेवटी ठरले ते असे. दाराच्या पाट्या भिंतीला सपाट बसवायच्या, ठरलेल्या मापात. मराठी हवी, सोबत ज्याची त्याची लिपी. फाटकावर एकच सामाईक फलक. त्यात डॉक्टर, पिग्मी एजंट, शिवणक्लास यांना एकसारखी एकेक ओळ. सणांच्या शुभेच्छा सूचनाफलकावर, कागदाच्या एका पानात, तीन दिवस. वाढदिवसालाही तेच. आणि कोपऱ्यावर, खांबावर, झाडावर कोणीही, कधीही, काहीही लावायचे नाही. मग तो सण कोणाचाही असो. या शेवटच्या नियमाला अनुमोदन आमच्या मुलाने दिले. तो सभासद नाही, म्हणून त्याचे नाव इतिवृत्तात आले नाही.

सुताराने अब्बांच्या पाटीची पुढे आलेली चौकट काढली आणि फळी भिंतीला सपाट बसवली. उर्दू ओळ तशीच आहे. खाली थोडी जागा उरली होती. तिथे आता आमच्यापैकी दुसरीचे नाव आले. घराच्या हप्त्याचे निम्मे पैसे शिवणयंत्रातून आले आहेत, तरी इतकी वर्षे पाटीवर तिचे नाव लिहायचे कोणाला सुचले नव्हते. मोकळी झालेली चौकट आम्ही घरात लावली. तिच्यात अब्बांचा फोटो आहे.

कुरआनातील सूरह नूरमध्ये आज्ञा आहे, की दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि घरच्यांना सलाम करावा. आम्हांला वाटते, दारावरची पाटी हे त्याच अदबीचे दुसरे टोक आहे. बाहेरचा सलाम करून थांबतो; घरातला आपले नाव सांगून ओळख देतो. तेवढ्यासाठी लहान अक्षरे पुरतात. चारचौघांची वाट अडवून सांगितलेले नाव ओळख देत नाही, नुसता गलका करते.

जूनमध्ये बकरी ईद आली. कोपरा मोकळा होता. सूचनाफलकावर एका पानात शुभेच्छा होत्या, मुलाच्या हस्ताक्षरात, फोटो नाही. नमाजहून परतताना आजी वॉकर घेऊन फाटकाशी उभ्या दिसल्या. मुलाने त्यांच्यासोबत कोपऱ्यापर्यंत जाऊन दोन्ही बाजूंचा रस्ता पाहिला आणि त्यांना दूधवाल्यापर्यंत पोहोचवले.

वाचकांना एवढीच विनंती, की येत्या सणाला आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर एकदा उभे राहून पाहावे. तिथे आपल्या घरातला कोणी हसतमुखाने टांगलेला असेल, तर त्याच्या पलीकडचे काही दिसते का, तेही पाहावे. अल्लाह आम्हां सर्वांना शेजाऱ्याचा आणि वाटेचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.